पथ्य एकाचं, दळण सगळ्यांचं

सिलिअ‍ॅक हा उत्तरेकडचा आजार, असा समज महाराष्ट्रात अजूनही घट्ट आहे. पंजाब-हरियाणाची माणसं तिन्ही त्रिकाळ गहू खातात, तेव्हा गव्हाचा त्रासही त्यांनाच व्हायचा. आपण ज्वारी-बाजरी-तांदळाची माणसं, आपला त्याच्याशी काय संबंध, असं त्यामागचं गणित. गणित अगदीच खोटं नाही, पण आता जुनं झालं आहे.

२०१६ साली उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३ हजारांहून अधिक निरोगी प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. सिलिअ‍ॅकची खूण असलेल्या अँटिबॉडीज उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांच्या रक्तात आढळल्या. या आजाराला लागणारी जनुकं मात्र तिन्हीकडे जवळजवळ सारखीच, साधारण तिघांत एकाकडे होती. मोठा फरक ताटात होता. उत्तरेत माणशी रोज सरासरी ४५५ ग्रॅम गहू खाल्ला जात होता, ईशान्येत ३७ आणि दक्षिणेत २५ ग्रॅम. ईशान्येचा आकडा पाहिला की गहू हे एकमेव कारण नाही, हेही कळतं. तरी एवढं नक्की, की हा आजार होण्याची शक्यता एखाद्या प्रांताची मक्तेदारी नाही.

महाराष्ट्रात तर गहू केव्हाच घरोघर पोचला आहे. दोन पिढ्यांपूर्वी मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात पोळी सणाची आणि भाकरी रोजची होती; आज बहुतेक घरांत हे उलटं झालं आहे. रेशनवर गहू, मुलांच्या डब्यात पोळी-भाजी, चहाबरोबर बिस्किट नाहीतर खारी, संध्याकाळी नूडल्स नाहीतर वडापाव. त्यामुळे ‘आपल्याकडे नसतो’ या भरवशावर राहणं डॉक्टरांनाही परवडणारं नाही आणि घरच्यांनाही.

नेमकं होतं काय

कणीक मळल्यावर जो चिवट लवचिकपणा येतो, पोळी न फाटता लाटली जाते, पाव जाळीदार फुगतो, तो ग्लुटेन या प्रथिनामुळे. गव्हात ते असतं, आणि त्याची जवळची भावंडं जवात आणि राय या धान्यात. त्यातले काही तुकडे आपल्या पाचकरसांना पुरते तोडता येत नाहीत. बहुतेकांच्या बाबतीत ते काही न करता निघून जातात. सिलिअ‍ॅक असलेल्याच्या शरीरात मात्र रोगप्रतिकारशक्ती त्यांना शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर पोखरते. अन्नरस शोषून घेणारे तिथले बोटांसारखे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. खाल्लेलं पोटात जातं, अंगी लागत नाही.

लोक याला सर्रास ‘गव्हाची अ‍ॅलर्जी’ म्हणतात. अ‍ॅलर्जीत त्रास झटपट होतो आणि धान्य शरीराबाहेर गेलं की बऱ्याचदा विषय संपतो. सिलिअ‍ॅक हा स्वयंप्रतिकार आजार आहे. इथे पोटात दुखलं नाही तरी आतड्याचं नुकसान चालू राहू शकतं, आणि ‘परवा लग्नात खाल्लं, काही झालं नाही’ हा पुरावा ठरत नाही. नुसती जनुकं असून भागत नाही, गहू खाऊनही भागत नाही; दोन्ही असलेल्यांपैकीही थोड्यांनाच हा आजार होतो. जगभरातला अंदाज लोकसंख्येच्या सुमारे एक टक्क्याचा आहे. सख्ख्या नात्यात, म्हणजे आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात, तो साडेसात टक्क्यांच्या आसपास जातो.

गव्हाचा संबंध लक्षात यायला मात्र फार काळ लागला. १८८८ साली लंडनच्या सॅम्युएल गी यांनी या आजाराचं नेमकं वर्णन केलं आणि उपाय सापडलाच तर तो आहारातच सापडेल, असं सांगितलं. १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी मुलांना केळ्यांवर ठेवून बरं केलं. श्रेय केळ्याला मिळालं, खरं कारण त्या मुलांचा बंद झालेला पाव होता. हे कोडं डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिक यांनी सोडवलं. पथ्यातून गहू काढण्याचे त्यांचे प्रयोग महायुद्धाआधीच सुरू होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला आणि वॉर्डातली सिलिअ‍ॅकची मुलं सुधारली. पाव परतला तशी पुन्हा आजारी पडली. १९५० च्या प्रबंधात डिक यांनी हे सिद्ध करून मांडलं. तेव्हापासून आजतागायत उपचार तोच आहे: ग्लुटेन पूर्ण बंद, आणि आयुष्यभर.

चुकणारं निदान

पाठ्यपुस्तकातलं मूल सगळ्यांना ओळखता येतं. वरच्या अन्नात गहू आल्यावर काही महिन्यांत सुरू झालेले जुलाब, फुगलेलं पोट, काटकुळे हातपाय, चिडचिड. पण अशी मुलंही आपल्याकडे आधी जंत, मग कुपोषण, मग पोटाचा क्षय अशी वळणं घेत येतात. बाकीच्यांचं तर पोट तक्रारही करत नाही. वर्गात सगळ्यांत बुटका राहिलेला मुलगा, पाळी लांबलेली मुलगी, वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाऊन हिमोग्लोबिन आठच्या वर न जाणारी बाई, तिशीतच ठिसूळ झालेली हाडं, वारंवार होणारे गर्भपात, तोंडातले न संपणारे छाले, कोपरा-गुडघ्यांवर उठणारे खाजरे फोड: या सगळ्यांमागे सिलिअ‍ॅक असू शकतो. टाइप १ मधुमेह, थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार किंवा डाउन सिंड्रोम असलेल्यांमध्ये त्याची शक्यता वाढते.

आपल्याकडे बायकांचा अशक्तपणा इतका सवयीचा झाला आहे, की गोळ्यांनी तो का हटत नाही, असा प्रश्नच कुणी विचारत नाही. ‘गोळ्या नीट घेत नसेल’ एवढ्यावर विषय मिटतो. खरं तर लोह पोटात जाऊनही रक्तात येत नसेल, तर अडथळा आतड्यात आहे का, हे पाहणं ही पुढची साधी पायरी आहे.

तपासणी अवघड नाही. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी शहरातल्या बहुतेक पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. काहींच्या रक्तात मुळातच आयजीए कमी असतं, म्हणून एकूण आयजीएही बघतात. ती सकारात्मक आली की एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले तुकडे तपासतात. लहान मुलांमध्ये अँटिबॉडी मर्यादेच्या दहापटीहून जास्त असेल आणि दुसऱ्या नमुन्यातली वेगळी चाचणीही जुळली, तर बायोप्सीशिवाय निदान करायला युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेची मुभा आहे. तो निर्णय तज्ज्ञांनी घ्यायचा.

सगळ्यांत जास्त घोळ होतो तो एका उतावीळपणामुळे. कुणीतरी सांगतं, ‘गहू सोडून बघा.’ माणूस गहू सोडतो, बरं वाटतं, आणि तीन महिन्यांनी तपासणी करायला जातो. तोवर अँटिबॉडी खाली आलेल्या असतात, अस्तरही सावरायला लागलेलं असतं, आणि अहवाल ‘नॉर्मल’ येतो. मग खरं काय ते कळण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो. म्हणून आधी तपासणी, मग पथ्य. हा क्रम मोडू नये. गहू सोडून बरं वाटणाऱ्या सगळ्यांना सिलिअ‍ॅक नसतो हेही खरं. काहींना गव्हातल्या किण्वन होणाऱ्या साखरेचा त्रास असतो. त्यांना आयुष्यभराच्या कडक पथ्याची गरज नसते, आणि ज्यांना ते हवं त्यांनी ते ‘फॅड’ म्हणून हसण्यावारी नेता कामा नये.

भाकरीचं भांडवल

पथ्याचं नाव काढलं की घरचे आधी इंटरनेटवर ग्लुटेन-फ्री पास्ता शोधायला लागतात. ही पाकिटं महाग असतात आणि त्यांत बरेचदा मक्याचा किंवा बटाट्याचा स्टार्च, साखर आणि तेल यांचीच भर असते. महाराष्ट्राच्या माणसाला इतकं लांब जायची गरज नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळ्या डाळी, शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, मटण: यांत ग्लुटेन नाही. कोकणातली आंबोळी आणि घावन, खानदेशातली कळण्याची भाकरी, घाटावरची पिठलं-भाकरी, उकडीचे मोदक, थंडीतला हुरडा, नाचणीची आंबील, उपवासाची जवळजवळ सगळी थाळी, हे सगळं मुळातच चालण्यासारखं. इटलीत किंवा आयर्लंडमध्ये सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाला पावाची नक्कल शोधत फिरावं लागतं. आपल्याकडे गव्हाला पर्याय म्हणून गव्हाची नक्कल लागतच नाही. आणि नुसत्या भातावर भागवण्यापेक्षा भाकरी बरी, कारण पथ्यात चोथा आणि जीवनसत्त्वं कमी पडायचा धोका असतो.

फसगत होते ती ओळखीच्या, निरुपद्रवी वाटणाऱ्या पदार्थांत. रवा, मैदा, दलिया, शेवया म्हणजे गहूच, हे सांगावं लागत नाही. पण थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू असतो. मेतकुटात असतो. उन्हाळ्यात गच्चीवर वाळणाऱ्या कुरडया गव्हाच्या चिकाच्या. तांदळाचा पापड चालेल, कुरडई नाही. वरणफळं नाहीत, विदर्भातले रोडगे नाहीत, सत्यनारायणाचा शिरा नाही, भेळेतली पुरी नाही. खपली गहू मधुमेहासाठी कितीही नावाजला तरी गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. सेंद्रिय, देशी, जुना वाण या विशेषणांनी त्यात फरक पडत नाही. दुधात घालायच्या अनेक पावडरींत जवाचं माल्ट असतं, सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. ओट्स स्वतः बहुतेकांना चालतात, पण ते गव्हाच्या संगतीनं पिकतात आणि दळले जातात, म्हणून खात्रीचे असल्याशिवाय घ्यायचे नाहीत. नाचणी बिस्किटाच्या पुड्यावर नाचणीचं चित्र मोठं असतं आणि मागे घटकांच्या यादीत मैदा पहिला असतो.

हिंगाची डबी हातात घेऊन पाहा. हिंग शुद्ध रूपात इतका उग्र असतो की तो डिंकात आणि पिठात कालवूनच विकतात. मागच्या बारीक अक्षरांत डिंक, मग पीठ आणि मग हिंग अशी यादी असते, आणि ते पीठ बऱ्याच डब्यांत गव्हाचं असतं. म्हणजे तांदळाच्या भाकरीबरोबर वाढलेली डाळीची आमटी, कोशिंबिरीवरची फोडणी, लोणचं, पोह्याचा पापड, शेवेचं पाकीट, सगळीकडे गव्हाचा कण जाऊ शकतो. तांदळाच्या पिठात कालवलेला हिंग मिळतो, खडा हिंगही मिळतो. बदल एका डबीचा आहे, पण ती बदलायची हे आधी कुणीतरी सांगावं लागतं.

गिरणीचा हिशेब

या पथ्यात ‘थोडंसं चालतं’ असं काही नाही, आणि ते का नाही हे आकड्यांत नीट दिसतं. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं, की रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने गेलं तरी आतड्याचं अस्तर बिघडतं. एका मध्यम पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे पोळीचे पन्नास भाग केले तर त्यातला एक. पिठाच्या भाषेत, जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम कणीक, एक चिमूट.

आता गिरणीत जाऊ. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू संपतो, गिरणीवाला कापडी नळीला दोन थापा मारतो, डबा बदलतो आणि आपली पाच किलो ज्वारी वर ओततो. समजा दगडांच्या मध्ये आणि नळीच्या घड्यांत चाळीस ग्रॅम कणीक अडकलेली होती. ती आपल्या ज्वारीत आली. तिच्यातलं ग्लुटेन सुमारे साडेतीन ग्रॅम. पाच किलोवर पसरलं तर किलोमागे सातशे मिलिग्रॅम. ग्लुटेन-फ्री म्हणवण्याची जागतिक आणि भारतीय मर्यादा किलोमागे वीस मिलिग्रॅमची आहे. म्हणजे मर्यादेच्या पस्तीस पट. अशा पिठाच्या दिवसाला तीन भाकरी खाल्ल्या तर पोटात दीडशेच्या आसपास मिलिग्रॅम जातात. घरच्यांनी गहू डोळ्यांनी पाहिलेला नसतो, मूल पथ्य पाळत असतं, आणि टीटीजी काही खाली येत नाही. डॉक्टर विचारतात, ‘बाहेरचं खाता का?’ आणि घरचे शपथेवर नाही म्हणतात. दोघंही खरंच बोलत असतात.

हेच बाजारातल्या सुट्या ज्वारीच्या पिठाला आणि बेसनाला लागू आहे. घरातही पोळपाट-लाटणं, कणकेची परात, पिठाची चाळणी आणि तवा या चार जागा सांभाळाव्या लागतात. लाकडी पोळपाटाच्या भेगेत कणीक बसते, ती घासून निघत नाही. भाकरीचा तवा आणि परात वेगळी ठेवलेली बरी. समोसे तळलेल्या तेलात काढलेला बटाटेवडा, त्याचं आवरण बेसनाचं असलं तरी, चालत नाही. ज्यांना परवडतं ते घरघंटी घेतात आणि तिच्यात गहू घालतच नाहीत. परवडत नसेल त्यांनी दिवसातलं पहिलं दळण मागावं, आधी किलोभर तांदूळ टाकून ते पीठ बाजूला काढायला लावावं. धोका कमी होतो, शून्य होत नाही.

मराठी घरांना हे शिकवायला लागतं असं नाही. उपवासाचं दळण घेऊन जाणारी बाई गिरणीवाल्याला झाडून-पुसून घ्यायला लावते, राजगिऱ्यात गव्हाचा कण जाऊ देत नाही, भगरीला वेगळा डबा ठेवते, साबुदाण्याच्या खिचडीला रोजची पळी वापरत नाही. धान्य धान्याला बाटवतं हे तिला आजारातून नाही, रिवाजातून ठाऊक आहे. तीच काळजी रोजची करायची आहे.

ताटाबाहेरच्या अडचणी

पथ्य मोडतं ते घरात कमी आणि चारचौघांत जास्त. पंगतीत ‘एवढीशी पुरणपोळी, देवाचा प्रसाद आहे’ असा आग्रह होतो, शाळेत वाढदिवसाचा केक वाटला जातो, वसतिगृहात मेसवाला दोन प्रकारची पीठं ठेवायला तयार नसतो. शाळेच्या पोषण आहारातली खिचडी भाताची असते, ती बहुधा चालते. तिच्याबरोबर कधी येणारं बिस्किट चालत नाही. वयात येणारी मुलं ‘वेगळं’ दिसायला नको म्हणून गुपचूप खातात. मुलींच्या बाबतीत तर घरचे लग्न ठरेपर्यंत आजारच लपवतात. पुढे सासरी तो उघड करायचा कसा, म्हणून ती पोळी खात राहते आणि अंगात रक्त राहत नाही. हा आजार संसर्गाचा नाही, आणि पथ्य पाळलं की मूल होणं, नोकरी करणं, मैदानावर खेळणं यांत काही अडत नाही, हे नात्यागोत्यात स्पष्ट सांगायला हवं. पोळ्या लाटल्यानं आजार वाढत नाही. उडालेलं पीठ तोंडात जाऊ नये आणि हात धुवावेत, एवढीच खबरदारी पुरे.

गोव्यातल्या आणि वसईतल्या कॅथलिक घरांपुढे आणखी एक पेच असतो. मिस्सेत मिळणारी पातळ चकती गव्हाचीच हवी, असा धर्मनियम आहे. व्हॅटिकननं २००३ साली आणि पुन्हा २०१७ साली स्पष्ट केलं, की ग्लुटेन अजिबात नसलेली चकती ग्राह्य नाही, अगदी कमी ग्लुटेन असलेली चालते, आणि ज्याला तीही चालत नाही त्यानं केवळ द्राक्षरस घेतला तरी संस्कार पूर्ण होतो. धर्मगुरूंशी आधी बोललं की मार्ग निघतो.

सरकार, बाजार आणि संशोधन

कायद्याच्या बाजूनं बरंच झालं आहे. किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या आत असेल तरच पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिता येतं, आणि ग्लुटेन असलेली धान्यं घटकांत असतील तर अ‍ॅलर्जीच्या सूचनेत ती सांगणं अन्नसुरक्षा नियमांनी बंधनकारक केलं आहे. पण आपल्याकडचं बरंचसं पीठ, फरसाण आणि मिठाई सुटी विकली जाते. तिथे लेबलच नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, त्यातला गव्हाचा हिस्सा या रुग्णाला निरुपयोगी. अधूनमधून दुकानात ज्वारी येते, पण निदानाचा कागद दाखवून गव्हाऐवजी तांदूळ किंवा ज्वारी हक्कानं मिळावी, ही मागणी गरीब घरांसाठी साधी आणि रास्त आहे. इटलीत रुग्णांना ग्लुटेन-फ्री अन्नासाठी दरमहा सरकारी मदत मिळते, आणि २०२३ साली त्या देशानं मुलांच्या सिलिअ‍ॅक आणि टाइप १ मधुमेहाच्या सार्वत्रिक तपासणीचा कायदाही केला. आपल्याला तिथवर पोचायला वेळ लागेल. लोहाच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या प्रत्येक अ‍ॅनिमियात टीटीजी करून पाहणं मात्र आजही शक्य आहे.

औषधाच्या शोधात चढउतार आहेत. आतड्याची गळती रोखू पाहणाऱ्या लाराझोटाइडची अंतिम टप्प्यातली चाचणी २०२२ साली थांबवली गेली. ग्लुटेनला घातक रूप देणाऱ्या एंझाइमला अडवणाऱ्या गोळीनं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आतड्याचं नुकसान कमी केलं. त्यावर पुढचं काम चालू आहे. तोवर मुळासकट बरं करण्याचा दावा करणारी चूर्णं, काढे आणि गव्हांकुराचे रस यांपासून लांब राहिलेलं बरं. गव्हांकुरात दाण्याचा अंश येण्याचा धोका असतो, आणि चार महिने बरं वाटलं म्हणून गहू सुरू केला तर आतडं पुन्हा पहिल्या जागी येतं.

पथ्य नीट जमलं तर फरक मात्र ठळक दिसतो. जुलाब काही आठवड्यांत थांबतात, मुलं उंचीत भराभर मागचं भरून काढतात, रक्त वाढतं. अँटिबॉडी खाली यायला सहा महिने ते वर्षभर किंवा जास्त लागतं आणि मोठ्या माणसांच्या आतड्याला कधी काही वर्षं.

अन्न आपल्याकडे आहे, ते शिजवण्याची रीतही आहे. कमतरता दोन जागी आहे: दवाखान्यात संशयाची आणि गिरणीत वेगळ्या दगडाची. दुसरी गोष्ट वाटते तितकी खर्चाची नाही. जवळजवळ प्रत्येक गिरणीत मिरची-मसाल्याचं यंत्र वेगळं असतं, कारण पोळीला तिखट लागलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला येतं. ज्वारी-बाजरी-तांदळासाठी एक यंत्र राखून ठेवा, असं एका गल्लीतल्या पाच-सात घरांनी मिळून सांगितलं, तर गिरणीवाल्याचाही धंदा वाढेल; भाकरीकडे परतलेली गिऱ्हाइकं त्याच्याकडे तशीही येतच आहेत.